राष्ट्रपती भवनात ३४० खोल्या कशाला?

प्रश्न : राष्ट्रपती भवनात ३४० खोल्या आहेत म्हणे. एका कुटुंबाला एवढ्या लागतात कशाला?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : जळगावकरांनी हे विचारावं! तुमच्याच जिल्ह्यातल्या प्रतिभाताई पाटील २००७ ते २०१२ तिथं राहिल्या की. असो. राहायच्या खोल्या मोजक्याच. बाकी सचिवालयाच्या कचेऱ्या, समारंभाची दालनं, मुदपाकखाना. हा मूळचा ब्रिटिश व्हाइसरॉयचा वाडा. त्याचं खासगी दालन पहिले भारतीय गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींना फारच ऐसपैस वाटलं, म्हणून ते पाहुण्यांच्या छोट्या खोल्यांत गेले. पुढच्या राष्ट्रपतींनी तोच पायंडा ठेवला. मूळ दालनात आता परदेशी राष्ट्रप्रमुख उतरतात.

मी बघायला गेलो तेव्हा दरबार हॉलचं, म्हणजे २०२४पासूनच्या गणतंत्र मंडपाचं, दोन टनी झुंबर बघून मान अवघडली. रमलो मात्र मेजवानीच्या दालनात. १०४ जणांचं लांबलचक टेबल, भिंतीवर माजी राष्ट्रपतींची तैलचित्रं आणि त्यांच्या वर बारके रंगीत दिवे. कधी वाढायचं, कधी ताटल्या उचलायच्या, हे वाढप्यांना त्या दिव्यांवरून कळतं. आपल्या पंगतीत हेच काम एखादे काका ओरडून करतात.