एकच मालदांडी सगळ्या रानांना का?

प्रश्न: आमचे रान अर्धे काळे, अर्धे मुरमाड. दोन्हीकडे मालदांडी ज्वारीच पेरतो. मुरमाड भागात ताटे उभी वाळतात, कणीस भरत नाही. कृषी विद्यापीठाच्या नव्या वाणांचा कोरडवाहू शेतकऱ्याला खरोखर उपयोग होतो का?
– एक वाचक, सांगोला तालुका

उत्तर: होतो, पण आधी रानाची खोली मोजा. चार-पाच ठिकाणी मुरूम लागेपर्यंत खड्डा घ्या. रब्बी ज्वारी साठलेल्या ओलीवर येते. मालदांडी 35-1 हा मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेला वाण. तिला सुमारे चार महिने लागतात. फूटभर मातीत तेवढी ओल टिकतच नाही. दाणे भरतानाच पाण्याचा ताण बसतो आणि खडखड्या (बुंधा आतून कुजण्याचा रोग) येतो. वाळलेले ताट बुंध्याशी चिरून पाहा. आत सुटे धागे आणि त्यांवर काळे ठिपके दिसले, तर खडखड्याच.

सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन 1933 पासून चालू आहे. राहुरी विद्यापीठाच्या शिफारशी जमिनीच्या खोलीनुसार असतात, आणि त्यांचे खरे मोल तिथेच आहे. 30 सेंमीपर्यंत फुले अनुराधा (105 ते 110 दिवस) किंवा फुले माउली, 30 ते 60 सेंमीला फुले सुचित्रा, त्याहून खोल रानात फुले वसुधा. मध्यम रानात मालदांडी आजही चालते. ती टाकून द्यायची गरज नाही.

पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर. उशीर झाला की खोडमाशी पोंगे (रोपाचे मधले कोंब) मारते. एकरी 4 किलो बियाणे, किलोला 300 मेशचे 4 ग्रॅम गंधक चोळून. नाहीतर काणी (दाण्यांत काळी भुकटी भरणारा रोग) येते. दोन चाड्यांच्या पाभरीने बियाण्याबरोबरच खत द्या. हलक्या रानाला एकरी 22 किलो युरिया पुरे. ओल नसताना वरून फेकलेले खत वाया जाते. तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपा. शेवटची कोळपणी भेगा बुजवण्यासाठी असते, आणि नेमकी तीच बहुतेक जण टाळतात.

यंदा मुरमाड भागात मालदांडी आणि हलक्या रानाचा नवा वाण, दोन्हींचे पट्टे शेजारी, एकाच दिवशी पेरा. धान्य आणि कडबा वेगवेगळे तोला. जनावरे असतील तर कडब्याचा हिशेब सोडू नका.

प्रश्न: दरवर्षी नवे बियाणे घ्यावे लागेल का?

उत्तर: नाही, हे सुधारित वाण आहेत, संकरित नव्हेत. पट्ट्याच्या मधली, सारख्या उंचीची कणसे निवडून बियाणे तीन वर्षे वापरता येते. कडेची कणसे घेऊ नका, शेजारच्या वाणाचे परागकण तिथेच जास्त पडतात.