बँडमधून सोलो, सोलोतून कादंबरी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी एका इंडी रॉक बँडची गायिका आहे. बहुतेक गाण्यांचे शब्द माझेच. आता सोलो अल्बम करायचाय. जुनी गाणी घेता येतील का?

उत्तर : कुठल्याही गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. शब्द आणि चाल यांचा एक, आणि त्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे मास्टरचा, दुसरा. शब्द तुमचे असले तरी चाल गिटारिस्टबरोबर बसून बांधली असेल, तर पहिल्या हक्कात त्याचा वाटा आहेच. मास्टर लेबलनं, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीनं, पैसे घालून केलं असेल, तर ते बहुधा लेबलचंच. त्यामुळे जुनं गाणं स्टेजवर गायला सहसा कोणी अडवत नाही. अडचण येते ती नव्यानं रेकॉर्ड करताना. ‘ठरावीक वर्षं हे गाणं दुसरीकडे रेकॉर्ड करणार नाही’ असं कलम करारात आहे का, ते आधी पाहा.

त्याहून घातक कलम बँड सोडणाऱ्या सदस्याचं. अनेक करारांत, बाहेर पडलेल्या सदस्याच्या सोलो अल्बमवर पहिला हक्क लेबलचाच राहतो. शिवाय बँडला दिलेल्या आगाऊ रकमेतली जी वसुली बाकी आहे, ती तुमच्या सोलो रॉयल्टीतून वळती करण्याची सोयही तिथेच लपलेली असते. बाकी ४०,००० आणि सदस्य चार असतील, तर तुमच्या खात्यावर १०,००० च यावेत, हे लेखी करून घ्या. नाहीतर अल्बम विकला जातो आणि हाती काहीच येत नाही, कारण कापला जातो तो चौघांचा हिशेब.

राजीनाम्याचा विषय काढण्याआधी प्रत्येक गाण्यासाठी एक पानी वाटपपत्र करा : गाण्याचं नाव, शब्द कोणाचे, चाल कोणाची, प्रत्येकाची टक्केवारी (बेरीज १०० आलीच पाहिजे), तारीख, सगळ्यांच्या सह्या. वाद हमखास होतो तो ड्रमर आणि बेसिस्टच्या वाट्यावरून. वाद्यरचनेला आपोआप लेखनाचा हक्क मिळत नाही. पण सगळ्यांत समान वाटणी करणारे बँडही बरेच आहेत. तोंडी ठरलेलं काही टिकत नाही, म्हणून सगळे अजून एकत्र जेवताहेत तोवर सह्या घ्या.

प्रश्न : पंधरा वर्षं गाणी लिहिली, पण कादंबरी तिसाव्या पानावर अडते. असं का?

उत्तर : साधारण गाणं २०० ते ३०० शब्दांचं असतं, आणि त्यातलं ध्रुवपद तीनदा येतं. कादंबरीला ७० ते ९० हजार शब्द लागतात. पण खरी अडचण लांबीची नाहीच. गाणं एका चित्रावर थांबू शकतं. उरलेलं चाल सांगते आणि ऐकणारा भरून काढतो. ‘फलाटावर ती, खिशात परतीचं तिकीट’ एवढ्यावर कडवं उभं राहतं. कादंबरीत मात्र तिकिटाचे पैसे कोणी दिले, घरी ती काय खोटं सांगून निघाली, गाडी दोन तास उशिरा आल्यावर तिनं काय केलं, हे सगळं लागतं. तिसाव्या पानाच्या आसपास चित्रं संपतात आणि घडण्यासारखं काही ठरवलेलं नसतं. म्हणून प्रत्येक प्रसंगाआधी दोनच ओळी लिहा : या माणसाला आत्ता काय हवंय, आणि ते कोण किंवा काय अडवतंय. दुसरी ओळ सुचत नसेल, तर तो प्रसंग नाही, ते गाणं आहे. गाण्यातच वापरा.

गीतकाराची आणखी एक खोड आम्हाला हमखास दिसते : प्रत्येक परिच्छेद टाळीच्या ओळीवर संपतो. एकदोनदा छान वाटतं, दहाव्या पानावर वाचक कंटाळतो. दुसऱ्या खर्ड्यात प्रत्येक परिच्छेदाची शेवटची ओळ झाकून वाचा. तिच्यावाचून चालत असेल, तर काढून टाका.

वेगाचं म्हणाल, तर रोज ५०० शब्द, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे ८०,००० शब्दांचा पहिला खर्डा ३२ आठवड्यांत. दौऱ्यावर नवं लिहिण्याचा हट्ट धरू नका. गाडीत दुरुस्त्या बऱ्या होतात.

प्रश्न : सोलो अल्बमपाठोपाठ लगेच कादंबरी यायला हवी का?

उत्तर : मुळीच नाही. इंग्लिश गायक ज्युलियन कोपचा ‘टीअरड्रॉप एक्स्प्लोड्स’ हा बँड १९८२ मध्ये फुटला, पहिला सोलो अल्बम १९८४ चा, आणि पहिली कादंबरी थेट २०१४ ची. गायिका लुईझ वेनरनं तिचा बँड ‘स्लीपर’ थांबल्यावर चारच वर्षांत, २००२ मध्ये, कादंबरी आणली. ‘माउंटन गोट्स’च्या जॉन डार्नियलनं तर बँड न सोडताच कादंबऱ्या लिहिल्या. लेनर्ड कोहेन उलट्या वाटेनं आला : १९६३ आणि १९६६ मध्ये कादंबऱ्या, पहिला अल्बम १९६७ ला.

प्रश्न : माझ्याच गाण्याच्या ओळी माझ्या कादंबरीत वापरल्या तर परवानगी लागते?

उत्तर : शब्दांचे हक्क संगीत-प्रकाशकाला (गाण्यांच्या हक्कांचा व्यवहार पाहणाऱ्या कंपनीला) दिले असतील, तर हो, स्वतःच्या ओळींनाही लागते. ‘दोन ओळी चालतात’ ही ऐकीव गोष्ट आहे. असा सरसकट नियम नाही. गाण्याचं नुसतं नाव घ्यायला सहसा हरकत नसते. परवानगीचा खर्च बहुधा लेखकावरच येतो, हे पुस्तकाच्या करारात तपासा. सगळ्यात सोपा उपाय : कादंबरीतल्या पात्रासाठी नवं गाणं लिहा. तेवढं तर तुम्हाला येतंच.

प्रश्न : ऑडिओबुक मीच वाचावं का?

उत्तर : जमत असेल तर जरूर. गायक निक केव्हनं २००९ ची आपली कादंबरी स्वतः वाचली आणि आपला साथीदार संगीतकार वॉरेन एलिसबरोबर तिला संगीतही दिलं. तासाला साधारण ९,००० शब्द धरा. ८०,००० शब्दांचे नऊ तास होतात, आणि स्टुडिओत त्याच्या किमान दुप्पट वेळ जातो. गाणारे बिघडवतात ते वाक्याचा शेवट : तो नकळत सुरात खाली येतो आणि सगळी वाक्यं एकाच चालीची वाटायला लागतात. अशा वेळी थांबून ते वाक्य आधी बोलून दाखवा, मग वाचा. सरसरणारे कपडे घालू नका. तोंड कोरडं पडून चटचट आवाज येऊ लागला, तर हिरव्या सफरचंदाची फोड चघळा. आदल्या रात्री कार्यक्रम ठेवू नका, आणि रोज वाचन सुरू करण्यापूर्वी कालची शेवटची पाच मिनिटं ऐका, म्हणजे आवाजाची पट्टी आणि माइकपासूनचं अंतर जुळेल.