वाचकांचे प्रश्न : एकेका दिवसाचे खाडे

प्रश्न : माझ्या हाताखालच्या एका कर्मचाऱ्याने वर्षभरात दहा दिवस रजा घेतली, तीही एकेका दिवसाची आणि दर वेळी पाळी सुरू होण्याच्या तोंडावर फोन करून. दुसरा शस्त्रक्रियेमुळे सलग दहा दिवस आला नाही. पहिल्याला समज द्यावी, तर तो दुसऱ्याच्या दहा दिवसांकडे बोट दाखवतो. हजेरीपटावर दोघे सारखेच दिसतात. काय करावे?

उत्तर : हजेरीपट दिवस मोजतो, तुमची अडचण खेपांची आहे. सलग रजेसाठी बदली माणूस नेमता येतो, पण ऐनवेळी आलेल्या फोननंतर आधीच्या पाळीतल्या कोणाला तरी थांबवून घेण्यावाचून गत्यंतर नसते, आणि असे वरचेवर थांबावे लागणारा माणूस पुढे स्वतःच दांडी मारू लागतो. हा फरक आकड्यात मांडण्यासाठी अनेक आस्थापना ब्रॅडफर्ड गुणांक वापरतात : ५२ आठवड्यांतील गैरहजेरीच्या खेपांचा वर्ग करून त्याला एकूण दिवसांनी गुणायचे. शस्त्रक्रिया झालेल्याचा गुणांक १ × १ × १०, म्हणजे १० येतो. पहिल्याचा १० × १० × १०, म्हणजे तब्बल १,०००.

मात्र एवढ्यावर नोटीस काढू नका. अर्धशिशी, दमा किंवा नियमित रक्त चढवून घ्यावे लागणारा आजार असलेल्यांचा गुणांकही असाच फुगतो, आणि त्यात त्यांची काहीच चूक नसते. अशा रजा हिशेबातून वेगळ्या काढाव्यात. आधी त्या दहा तारखा पाळीपत्रकाशेजारी ठेवून पाहा. त्या रात्रपाळी संपून लगेच दिवसपाळी लागलेल्या आठवड्यांत येत असतील, तर दोष पत्रकाचा आहे. साप्ताहिक सुट्टीला जोडून येत असतील, तर विचारायला आधार मिळतो. विचारायचे तेही कामावर परतल्याच दिवशी, एकांतात, आणि आजाराचे नाव न काढता : बरे वाटते का, कामात काही बदल हवा आहे का, पुढच्या वेळी आधी कळवता येईल का? हे बोलणे प्रत्येकाशी व्हावे, शस्त्रक्रिया झालेल्याशीसुद्धा. एरवी ते एकट्या संशयिताची उलटतपासणी ठरते. कारण सापडत नसेल आणि खाडे चालूच राहिले, तर मग लेखी समज द्यावी व तीत तारखा नमूद कराव्यात.

प्रश्न : महिनाभर पूर्ण हजेरी लावणाऱ्यास भत्ता दिल्यास खाडे कमी होतील का?

उत्तर : थोडे होतील, पण भत्ता बुडू नये म्हणून तापाने फणफणलेला माणूसही कामावर येईल आणि शेजारच्या दोघांना आजारी पाडेल. शिवाय महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात ज्याचा एक दिवस चुकला, त्याला उरलेल्या दिवसांत गमावण्यासारखे काहीच राहत नाही. भत्ता द्यायचाच असेल, तर तो वेळेवर पूर्वसूचना देण्याशी जोडावा.