गोळा ४५ अंशांत का फेकू नये?

प्रश्न : मी बारावीत आहे. गोळा जमिनीपासून २ मीटर उंचीवरून, १३ मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटतो. तो सर्वांत लांब जाण्यासाठी कोन किती हवा? मी ४५ अंश लिहिलं, उत्तर मात्र ४२ आहे. डेरिव्हेटिव्ह काढायला गेले की वर्गमुळात अडकते. (विद्यार्थिनी, सातारा)

उत्तर : ४५ अंशांचा नियम खरा आहे, पण वस्तू जिथून सुटते त्याच पातळीवर पडत असेल तरच. तुझा गोळा सुटल्यापेक्षा २ मीटर खाली पडतो. त्या उतरणीत त्याला हवेत जास्तीचा वेळ मिळतो, म्हणून वर फेकण्यातलं थोडं बळ आडव्या वेगाकडे वळवलेलं फायद्याचं ठरतं.

डेरिव्हेटिव्ह बाजूला ठेव आणि वेगांचा त्रिकोण काढ. एकाच बिंदूपासून दोन बाण काढायचे, एक सुटतानाच्या वेगाचा, दुसरा पडतानाच्या वेगाचा. गुरुत्व फक्त उभा वेग बदलतं, म्हणून दोन्ही टोकांना जोडणारी रेघ उभीच येते. तिची लांबी ९.८ गुणिले हवेतला वेळ. हा पाया धरला तर त्रिकोणाची उंची म्हणजे आडवा वेग. आडवा वेग गुणिले वेळ म्हणजे पल्ला, तेव्हा क्षेत्रफळ झालं अर्धा गुणिले ९.८ गुणिले पल्ला. क्षेत्रफळ जास्तीत जास्त, तेव्हा पल्लाही जास्तीत जास्त.

आता दोन बाजू तर ठरलेल्याच आहेत. एक १३. दुसरी ऊर्जेच्या अक्षय्यतेवरून √(१६९ + २ × ९.८ × २) = √२०८.२ = १४.४३, मग गोळा कुठल्याही कोनात सुटो. दोन बाजू ठरलेल्या असताना त्रिकोण सर्वांत मोठा केव्हा होतो? त्यांच्यात काटकोन असताना. म्हणजे सुटण्याची आणि पडण्याची दिशा एकमेकींना लंब हवी. आडवा वेग दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे कोनाचा टॅन = १३ ÷ १४.४३ = ०.९०१, कोन ४२ अंश. पल्ला १३ × १४.४३ ÷ ९.८ = १९.१४ मीटर. इतकं सुंदर उत्तर वर्गमुळांच्या जंगलात हरवू देऊ नये.

४५ अंशांत पल्ला १९.०५ मीटर येतो, म्हणजे जेमतेम ९ सेंटिमीटर कमी. कमाल मूल्याच्या आसपास आलेख सपाट असतो, म्हणून पल्ल्याचं उत्तर जुळलं तरी कोन बरोबर आहे असं समजू नकोस. कोन ४८.८ आला तर वर्गमुळातले ३९.२ (२ × ९.८ × २) मिळवायच्या ऐवजी वजा झालेत. ते २ मीटर वर पडणाऱ्या वस्तूचं उत्तर आहे. कॅल्क्युलेटरवर ०.७३ दिसलं तर तो अंशांत नाही, रेडियन या दुसऱ्या एककात आहे.

प्रश्न : मग मैदानावर मुलांना ४२ अंशांतच फेकायला सांगू का? (क्रीडाशिक्षक, नाशिक)

उत्तर : नका सांगू. वरच्या गणितात वेग प्रत्येक कोनाला सारखाच धरला आहे. शरीर तसं चालत नाही. गोळा वर ढकलताना त्याचं वजनही उचलावं लागतं, आणि खांदा-हाताचा जोर वरपेक्षा पुढे जास्त लागतो. कोन वाढला की वेग घटतो. म्हणूनच मुरलेल्या गोळाफेकपटूंचा कोन बहुधा ३५ अंशांच्या आसपास असतो.

आकड्यांत पाहा. वेग १३ च राहिला तर ३७ अंशांत पल्ला १८.९० मीटर, २४ सेंटिमीटरचा तोटा. पण कोन उतरवल्यामुळे वेग १३.५ झाला तर पल्ला २०.२२! अर्ध्या मीटर प्रतिसेकंदाने मीटरभराहून जास्त मिळालं. सांगली जिल्ह्यातल्या सचिन खिलारी यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये १६.३२ मीटर फेकून रौप्य मिळवलं. हात २ मीटर उंचीवर धरला, तर त्या अंतराला कुठल्याही कोनात किमान ११.९ मीटर प्रतिसेकंद वेग लागतोच. तालमीचा भर वेगावर हवा तो यासाठी.

प्रत्येक मुलाचा कोन वेगळा काढा. मोबाइल फेकीच्या दिशेला काटकोनात, खांद्याच्या उंचीवर, स्टँडवर ठेवा आणि सेकंदाला २४० चौकटींच्या स्लो मोशनमध्ये चित्रण करा. गोळा हातातून सुटल्यानंतरच्या पहिल्या दहा चौकटींत तो किती वर आणि किती पुढे गेला ते मोजा. वरचं अंतर भागिले पुढचं अंतर म्हणजे कोनाचा टॅन. जास्त चौकटी घेतल्या तर गुरुत्वामुळे कोन कमी भासतो. खालच्या, सवयीच्या आणि वरच्या कोनात प्रत्येकी तीन-चार फेकी घ्या, मधे पुरेशी विश्रांती देऊन. नाहीतर शेवटच्या फेकींतला थकवा कोनाच्या नावावर जमा होतो.

भालाफेकीला हे गणित लावू नका. भाल्याला हवा उचलून धरते.

प्रश्न : चढावर फेकायचं असेल तर? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : चढाची रेघ आणि उभी रेघ यांच्यामधला कोन दुभागा, त्या दिशेत फेका. ३० अंशांचा चढ असेल तर क्षितिजापासून ६० अंश, तेवढ्याच उतारावर ३० अंश.