फ्रीजरमधलं वरण शिळं असतं का?

"रविवारी सगळं करून ठेवते, आठवडा निभतो. पण वाढताना मान खाली जाते."

नोकरी करणाऱ्या बायकांकडून हे वाक्य मी सतत ऐकते, शब्द थोडे इकडेतिकडे. शिक्षिका, परिचारिका, बँकेतल्या, रोज भुसावळ-जळगाव अप-डाऊन करणाऱ्या. माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात त्या झोप लागत नाही म्हणून, मुलांवर चिडचिड होते म्हणून. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत बोलणं फ्रीजरवर येतं. म्हणून यावर एकदा सविस्तर लिहिते. पुढची हकीकत अनेकींच्या अनुभवांतून एकत्र केली आहे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

ताई नोकरीला जळगावात, घर भुसावळला. नवरा रेल्वेत, ड्युटी फिरती. दोन मुलं, घरात सासूबाई. सकाळी सव्वाआठला घर सोडायचं, परतायला साडेसात. रविवारी चार-चार तास ओट्याशी उभं राहून त्या आठवड्याचं रांधायच्या आणि डबे फ्रीजरला लावायच्या.

"मग बिनसलं कुठे?"

"आई शेजारणीला म्हणाल्या, शियं खाऊ घालते पोरायले. मी जिन्यात होते, ऐकलं."

"तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

"खरंच आहे ना मॅडम. चांगली आई ताजं करून घालते."

मी विचारांवर काम करणाऱ्या परंपरेतली आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1950च्या दशकात जी मांडणी केली तिचा गाभा असा, की घडलेल्या गोष्टीपेक्षा तिच्याविषयी मनाशी धरलेला हट्ट माणसाला जास्त छळतो. 'चांगली आई ताजंच घालते' हा तसाच हट्ट. त्यावर लगेच प्रश्न विचारता आले असते. पण तक्रारीत तथ्य किती हे आधी पाहायचं, हट्टाकडे नंतर वळायचं, हा क्रम मी कटाक्षाने पाळते. तथ्य न तपासता नुसतं "तुम्ही चांगल्याच आई आहात" म्हटलं तर बाईला दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

म्हणून विचारलं, "काय खाऊन म्हणाल्या त्या तसं?"

"वरण. मंगळवारचं."

"तुम्ही चाखलं होतं?"

ताई गप्प. मग हळूच म्हणाल्या, "जरा आंबूस लागलं होतं. मला वाटलं, टोमॅटोमुळे असेल."

"रविवारी कुकर उघडल्यापासून ते वरण फ्रीजरमध्ये जाईपर्यंत काय काय झालं, क्रमाने सांगा बरं."

दुपारी एकला कुकर उघडला. वरण मोठ्या पातेल्यात ओतलं, फोडणी दिली, झाकण घालून ओट्यावर ठेवलं. गरम वस्तू फ्रीजमध्ये ठेवू नये असं लहानपणापासून ऐकलेलं, म्हणून निवण्याची वाट पाहिली. मधे मुलांचा अभ्यास, कपडे, पाहुणे. रात्री नऊला डबे भरले. महिना मे.

"एक ते नऊ," त्या स्वतःच म्हणाल्या, "आठ तास." थोड्या वेळाने, "म्हणजे आई खरं बोलत होत्या."

मी काही बोलले नाही. अशा वेळी न बोलणं हे शिकावं लागतं. तोंडावर आलेला दिलासा गिळावा लागतो. त्यांचा चेहरा आधी पडला, डोळे भरले, आणि मग भुवया किंचित वर गेल्या. "पण मॅडम, मग खराब झालं होतं ते वरण. मी नाही."

सगळं काम त्या वाक्यात झालं. त्यांच्या मनात दोन प्रश्न एकमेकांत अडकले होते: हे अन्न खाण्याजोगं आहे का, आणि मी बाई म्हणून कशी आहे? पहिल्याला उत्तर न मिळाल्यामुळे दुसरा रोज ताटाशी येऊन बसत होता. अपराधीपणाच्या तळाशी पुष्कळदा एक साधी, खरी, सुटण्यासारखी अडचण असते, असं माझं ठाम मत बनलं आहे. ती सुटली की उरलेल्या अपराधीपणाशी बोलणं फार सोपं जातं. मग आम्ही त्या अडचणीला भिडलो.

फ्रीजर जंतू मारत नाही, त्यांची वाढ थांबवतो. आत जाताना अन्न जसं असेल तसंच ते बाहेर येतं. उणे 18 अंशांवर वाढ थांबते. पण साधारण 5 ते 60 अंशांमधल्या उबेत जंतू झपाट्याने वाढतात. भरलेलं पातेलं झाकून ठेवलं की मधला भाग तासन्‌तास त्याच उबेत राहतो. शिजलेलं अन्न दोन तासांत थंडीला लागलं पाहिजे, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर तासाभरात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 45च्या आसपास जातो, तेव्हा तासाभराचाच हिशोब धरायचा. भाताच्या बाबतीत तर जास्तच सांभाळावं. त्यातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, आणि भात उबेत राहिला तर ते जे विष तयार करतात ते पुन्हा गरम केल्याने जात नाही.

यावर उपाय परातीचा. वरण किंवा रस्सा दोन इंचांपेक्षा खोल न ठेवता पसरट भांड्यात ओतायचा, ते भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवायचं, पाण्यात बर्फाचे दोन ट्रे टाकायचे आणि डावाने अधूनमधून ढवळायचं. वीस-पंचवीस मिनिटांत हाताला कोमटही लागत नाही. मग पिशव्या भरायच्या, हवा दाबून काढायची, पिशवी आडवी ठेवून दोनेक सेंटिमीटर जाडीची सपाट करायची. अशी पाकिटं लवकर गोठतात, लवकर सुटतात आणि पुस्तकांसारखी उभी लावता येतात. डबा वापरला तर वर बोटभर जागा मोकळी सोडावी, पाणी गोठताना फुगतं. काचेची बरणी त्यानेच तडकते. नाव-तारखेची चिकटपट्टी पिशवी कोरडी असतानाच लावावी. गार, ओल्या पिशवीवर ती धरत नाही. आणि घरच्या फ्रीजमध्ये एका दिवसात दीड-दोन किलोच नवीन माल घालावा. एकदम चार किलो कोंबला तर आधीचं गोठलेलंही सैल पडतं.

ताईंची दुसरी चूक मला महत्त्वाची वाटते, कारण तिचा संबंध चवीशी आहे, आणि 'शिळं' हा शेरा बरेचदा चवीमुळे मिळतो. त्या पदार्थ पूर्ण करून गोठवत होत्या. लसूण आणि लवंग गोठून उग्र, कडवट होतात, मीठ दबतं, कोथिंबीर काळी पडते. म्हणून वेळखाऊ भाग रविवारी करायचा आणि फोडणी त्या दिवशी. आम्ही त्यांच्याच घरचे पदार्थ घेऊन यादी बसवली.

वरण: अर्धा किलो तुरीची डाळ कमी पाण्यात, फक्त हळद घालून शिजवायची, घोटून घट्टच गोठवायची. चौघांना तीन-चार वेळा पुरते. त्या दिवशी गरम पाणी, मीठ, आणि लसणाची चरचरीत फोडणी. बट्टी उकडून, गार करून, कापून, न तळता गोठवायची. आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवायची आणि तळण्याआधी कोरड्या फडक्याने पुसायची, नाहीतर बर्फाच्या पाण्याने तेल उडतं.

शेवभाजीसाठी नुसतं वाटण: एक किलो कांदा आणि 200 ग्रॅम सुकं खोबरं खरपूस भाजून, थोडं आलं घालून वाटायचं आणि तेल सुटेपर्यंत परतायचं. लसूण आणि काळा मसाला यात नको, ते रस्सा करताना. वाट्यांमध्ये गोठवून वड्या पिशवीत जमा करायच्या, सात-आठ होतात. एक वडी, चार कप कढत पाणी, दहा मिनिटं उकळी. शेव ताटात वाढतानाच. रश्शात शेव घालून गोठवली तर लगदा होतो.

फुणके, म्हणजे वाटलेल्या डाळीचे उकडलेले मुटके, तर गोठवण्यासाठीच केल्यासारखे. उकडून झाल्यावर ताटात सुटे मांडून आधी उघडेच गोठवायचे, मग पिशवीत, म्हणजे एकमेकांना चिकटत नाहीत. गोठलेलेच चाळणीवर दहा-बारा मिनिटं वाफवले की लुसलुशीत. कढी मात्र त्याच वेळी करायची, गोठवलेलं ताक फाटतं.

भरताची वांगी थंडीत स्वस्त आणि उत्तम. 2016 साली जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तेव्हाच भाजून, सोलून, पाणी निथळून गर गोठवला तर दोन-तीन महिने चांगला राहतो. मिरची, दाणे, पातीचा कांदा फोडणीच्या वेळी. बाकीच्या पदार्थांना महिना ते दोन महिने ही मुदत पुरे. उकडलेलं अंडं रबरासारखं होतं, बटाटा रवाळ आणि पाणचट होतो, हे दोन्ही गोठवू नयेत. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी तव्यावरूनच ताटात यावी. तिला पंधरा मिनिटं लागतात आणि तेवढी आता सापडतात.

वापरताना पाकीट आदल्या रात्री खालच्या कप्प्यात. ओट्यावर सोडून ठेवणं म्हणजे पुन्हा तीच ऊब. सपाट पाकीट असेल तर थेट पातेल्यात, अर्धी वाटी पाणी घालून, मधोमध खळखळून उकळेपर्यंत. एकदा सुटलेलं परत गोठवायचं नाही.

तिसऱ्या भेटीला सासूबाईंना बोलावलं. ताई घाबरल्या होत्या, पण मी आग्रह धरला. ज्यांच्या जिभेने चूक पकडली त्यांना बाहेर ठेवून हे घर पुढे जाणार नव्हतं.

"मावशी, तुम्ही वरणाबद्दल बोललात ते खरं होतं," मी सुरुवातीलाच म्हटलं.

त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी काय खोटं बोलली? जीभ सांगते ना मले. आमच्या टायमाले फिरीज नव्हता. उन्हायात रातचं वरन सकायी फसफसे."

"आणि बिबडे, ते ज्वारीचे पापड? ते तर वर्षभर टिकतात."

"ते कडक वायले पाहिजे. ओल राहिली तं बुरशी धरते."

"तुम्ही ओल काढून टिकवता, ही गारठवून टिकवते. तुमच्यासारखंच हिलाही नीट करावं लागतं. ते कसं, हे ती आता शिकली आहे."

मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग सुनेला विचारलं, "बर्फ किती टाकते परातीत?"

हा प्रश्न मला कुठल्याही माफीपेक्षा मोलाचा वाटला. 'शियं' म्हणणारी बाई पद्धतीची चौकशी करू लागली होती. पुढे परातीचं काम त्यांनीच मागून घेतलं. उन्हाळ्यात वीज गेली की फ्रीजर कुणी उघडायचा नाही, हा नियमही त्याच पाळून घेतात. गच्च भरलेला, न उघडलेला फ्रीजर साधारण 48 तास गार राहतो, अर्धा भरलेला 24. आपल्या उन्हात आणि फ्रीजच्या लहानशा वरच्या कप्प्यात त्याच्या निम्माच धरावा. वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवायचं. वीज आल्यावर नाणं वरच असेल तर माल शाबूत. बुडालं असेल तर आतलं सुटून पुन्हा गोठलंय असं समजावं आणि टाकून द्यावं.

एवढं झाल्यावर ताईंच्या हट्टाशी बोलायला फक्त दोन भेटी लागल्या. "ताजं घालायला आवडेल" आणि "ताजं घातलं नाही तर मी वाईट" यांतलं अंतर त्यांना आता स्वतःलाच दिसत होतं. राहिला प्रश्न एकच, की हे सारं एकटीने का करायचं. रात्री पाकीट खाली उतरवण्याचं काम नवऱ्याकडे आलं. रात्रपाळी असेल त्या दिवशी थोरल्या मुलाकडे, त्यासाठी आठवड्याचा कागद फ्रीजच्या दारावर. पहिल्या आठवड्यात दोनदा विसरले. त्या दोन दिवशी खिचडी झाली आणि ताईंनी ती धावपळ न करता केली, हे मला त्यांनी आवर्जून सांगितलं.

ज्यांना हीच खंत आहे त्यांनी घरात टोमणा ऐकला की आधी तो पदार्थ चाखावा. चव खरंच बिघडली असेल तर तो पदार्थ रविवारी कुठे, किती वेळ, किती खोल भांड्यात होता ते आठवून लिहावं. चूक तिथेच सापडते. चव चांगली असूनही मन खात असेल तर मनातलं वाक्य जसंच्या तसं कागदावर उतरवावं आणि ते वाक्य मैत्रिणीला म्हणाल का, हे स्वतःला विचारावं. वरण उत्तम, घरचे खूश, तरीही आठवडेच्या आठवडे झोप नाही, रडू येतं, काही करावंसं वाटत नाही, असं असेल तर मामला स्वयंपाकाचा राहिलेला नाही. डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटावं, उशीर करू नये.

आणि पहिल्याच रविवारी आठवडाभराचं करायला जाऊ नये. दोन पाकिटं वरण, चार वड्या वाटण, बस्स. ती बुधवार-गुरुवारी वापरून, घरच्यांना चव विचारून, मगच पुढच्या रविवारी फुणके घ्यावेत.