पाठ केलेली 62 उत्तरं

दोनशे पानी वही, खाकी कव्हर घातलेली. प्रश्न लाल शाईत, उत्तरं निळ्या शाईत. एकूण 62 प्रश्न, सगळी उत्तरं इंग्रजीत आणि सगळी तोंडपाठ. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत प्राजक्तानं ती वही टेबलावर ठेवली. (नाव आणि काही तपशील बदललेत, तिला विचारूनच लिहितेय.) म्हणाली, "मॅडम, एवढं पाठ करून तीन ठिकाणी मुलाखतीला गेलो. तिन्ही ठिकाणी पहिल्याच प्रश्नाला डोकं कोरं झालं."

शेजारी आई बसलेली. "घरात हिच्या तोंडाला कुलूप नसतंय. तिथं गेली की गप्पच हुतीया बघा."

आमच्याकडं मुलीही 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. दुसऱ्या मुलाखतीत एक पुणेरी साहेब त्यावरून गालात हसले होते. तेव्हापासून मराठीतही तोंड उघडायची तिला धास्ती बसली.

प्राजक्ता करवीर तालुक्यातली. रसायनशास्त्रात बीएस्सी, 2021 ला पास. मुलाखती सगळ्या कारखान्यांच्या लॅबमधल्या. मधल्या दोन वर्षांच्या गॅपचं काय सांगायचं, ही दुसरी काळजी. निकालाच्या दिवसांत मुलाखतीच्या तयारीसाठी माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या मुलांची हीच दोन दुखणी असतात: पाठ केलेलं विसरतं, आणि सांगण्यासारखं काही नाही असं वाटतं.

मी तिला 'स्वतःबद्दल सांगा' हाच प्रश्न विचारला. गाडी सुरू झाली. तिसऱ्या वाक्याला मी मुद्दाम मधेच विचारलं, "गाव कुठलं म्हणालीस?" ती थांबली, छताकडं बघितलं, आणि पुन्हा 'माय नेम इज'पासून सुरुवात. बालवाडीतलं पोर कविता विसरलं की पहिल्या ओळीवर येतं, अगदी तसं. पाठांतरात एका वाक्याच्या शेपटाला दुसरं वाक्य बांधलेलं असतं. मधली गाठ सुटली की पुढचं सगळं हातातून जातं. आणि मुलाखत घेणारा माणूस मधे बोलणारच, त्याला तेवढ्यासाठीच बसवलेलं असतं.

वही मी मिटली. आईंना चहा दिला आणि प्राजक्ताला विचारलं, "दोन वर्षं काय करत होतीस?"

"काय न्हाई. घरीच होतो."

आई कपातून वर बघून म्हणाल्या, "घरी कुठं? गुऱ्हाळावर हुती की!"

त्यांचं घरचं गुऱ्हाळ. 2021 च्या जुलैत पंचगंगेचा पूर आला, त्यात बराच ऊस पाण्याखाली गेला. पाठोपाठ वडिलांचं ऑपरेशन. मग दोन हंगाम हिशेब, ऊसतोड, मजुरांचे पगार हिच्याकडं. तिच्या बायोडाटात यातली एक ओळ नव्हती. छंदांच्या रकान्यात मात्र 'रीडिंग अँड ट्रॅव्हलिंग'.

"गूळ कसा करतात ते मला सांग," म्हटलं. "मी शहरातली, मला फक्त खायचा माहीत."

मग ती जवळजवळ वीस मिनिटं बोलली, हातवारे करत. रस काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, आला की चुन्याची निवळी किती घालायची. भेंडीच्या बुळबुळीत पाण्यात रसातला बारीक कचरा कसा अडकतो आणि तापलं की मळी होऊन कसा वर येतो. काकवी घट्ट होत आली की गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर, थेंबभर थंड पाण्यात टाकून गोळी होते का बघतो. तिनं एकदा थर्मामीटर लावून बघितला तर 118 अंशांच्या आसपास होता. "त्यांचा अंदाज माझ्या थर्मामीटरएवढाच बरोबर निघाला," हे सांगताना तिला स्वतःलाच हसू आलं.

आणि एक आधण, म्हणजे काहिलीतला एक घाणा, बसलंच नाही, ते. गूळ थंड करायच्या वाफ्यात ओतला, पण चिकट, मऊ राहिला, रवा धरेना, म्हणजे दाणेदार होईना. ती आधी गुळव्यावरच चिडली. रात्री विचार करताना लक्षात आलं की ऊस वाहून नेणारी टोळी आली नव्हती म्हणून तोडलेला ऊस तीन दिवस फडातच पडून होता. ऊस तोडून ठेवला की त्यातल्या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज व्हायला लागतं, आणि ते वाढलं की गूळ नीट बसत नाही. हे तिनं कॉलेजात शिकलेलं. दुसऱ्या दिवशी तिनं पीएच पेपर, म्हणजे आंबटपणा मोजायची पट्टी, आणला. ताज्या रसाचा पीएच सव्वापाचच्या आसपास. या पडून राहिलेल्या उसाच्या रसाची पट्टी त्याहून बरीच आंबट निघाली. वडिलांना पट्टी दाखवली, आणि 24 तासांत गाळता येईल तेवढाच ऊस तोडायचं ठरलं. गुळव्याची माफीही मागितली.

मी तिला विचारलं, "तुझ्या वहीत 'एखादी अडचण कशी सोडवली' हा प्रश्न आहे?"

होता. उत्तर होतं कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये माइक बंद पडल्याचं. तेही तिचं नव्हे, इंटरनेटवरून उतरवलेलं.

या एका आधणात तीन उत्तरं होती. अडचण कशी सोडवली, स्वतःची चूक कोणती, आणि गॅपमध्ये काय केलं. कमतरतेच्या प्रश्नाला 'मी परफेक्शनिस्ट आहे' म्हणणारी दिवसाला दहा पोरं त्या टेबलासमोर बसत असतील. 'मी आधी माणसावर चिडते आणि मग तपासते, आता आधी तपासायची सवय लावतेय' हे तिचंच उत्तर, आणि लॅबमध्ये उपयोगाचं.

इथवर मी स्वतःवर खूश होते. पुढच्या आठवड्यात ती आली ती नवी वही घेऊन. गुऱ्हाळाची गोष्ट इंग्रजीत लिहून काढलेली, शब्द न् शब्द पाठ! चूक माझीच. काय बोलायचं ते दिलं होतं, कसं धरायचं ते नाही.

मग चिठ्ठ्या केल्या. एका प्रसंगाला एक चिठ्ठी, चिठ्ठीवर तीनच शब्द: 'तीन दिवस, पट्टी, माफी'. गोष्ट रोज वेगळ्या ठिकाणाहून सुरू करायची. आज शेवटापासून, उद्या पट्टीपासून. आधी चुलतीला मराठीत, मग मला मोडक्या इंग्रजीत, आणि मी मधे मधे तोडणार. मोबाइलवर स्वतःचं बोलणं ऐकायला तिला अजिबात आवडलं नाही. कुणालाच आवडत नाही. तरी ऐकायला लावलं, कारण दर वाक्याला येणारं 'ॲक्च्युअली' तिला त्याशिवाय पटलं नसतं.

इंग्रजीचं म्हणाल तर इथल्या एमआयडीसीत लॅबच्या जागेसाठी साहेबांना वाक्यरचनेपेक्षा काम येतं का ते हवं असतं, असा माझा अनुभव. अडलं तर 'हे मराठीत सांगू का?' असं सरळ विचारावं. 'आलो, गेलो'ला मी हातही लावला नाही.

गॅपचं उत्तर दोन वाक्यांत: वडिलांचं आजारपण, मी गुऱ्हाळ सांभाळलं. इथं पूर्णविराम. खुलासे लांबले की समोरच्याला शंका येते. पगाराच्या आकड्यासाठी तिला आधी खोलीभाडं, जेवण आणि एसटीचा पास यांची बेरीज करायला लावली. त्या बेरजेखाली जायचं नाही, एवढं ठरलं की आकडा सांगताना घसा कोरडा पडत नाही.

एक प्रश्न वहीत नव्हता, पण तिला दोनदा विचारला गेला होता: "लग्न झाल्यावर नोकरी सोडणार?" मुलाला हा प्रश्न कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. मला संताप येतो, पण तिथं बसलेल्या मुलीला माझ्या संतापाचा उपयोग नाही. आम्ही उत्तर कामाकडं वळवायचं ठरवलं: 'मी इथं शिकून टिकायला आलेय. शिफ्टच्या वेळा आणि जायच्या-यायच्या सोयीबद्दल विचारू का?' आईंना हे उद्धट वाटलं. त्यावर मायलेकींची माझ्यासमोरच जुंपली, आणि त्या भांडणात प्राजक्ता एकदाही अडखळली नाही.

चौथ्या मुलाखतीनंतर तावडे हॉटेलच्या स्टॉपवरून तिचा फोन आला. मागं ट्रकचे हॉर्न. "मॅडम, त्यांनी पीएच मीटरचं कॅलिब्रेशन विचारलं. 4 आणि 7 पीएचचा बफर, म्हणजे मीटर जुळवायचं द्रावण, सांगितला, तिसरा आठवेना. आठवत नाही म्हणून सांगितलं. मग भेंडीचं विचारलं त्यांनी. मधेच तोडलं दोनदा."

"मग?"

"मग काय, तिथनंच पुढं बोललो."

ती नोकरी मिळाली नाही, अनुभवी माणूस घेतला त्यांनी. दीड महिन्यानं दुसऱ्या एका लॅबनं ट्रेनी म्हणून घेतलं, मागितल्यापेक्षा हजार रुपये कमी देऊन. बेरजेच्या वर होते, म्हणून तिनं हो म्हटलं.