इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांवरच्या डॉक्युमेंटरीचं पोस्टर कसं करावं?

म्हणजे तुमच्या मित्रांनी इचलकरंजीच्या माग कामगारांवर चाळीसेक मिनिटांची फिल्म केलीय, पोस्टर तुमच्या गळ्यात पडलंय, पैसे जवळपास नाहीत, आणि पहिल्या ड्राफ्टात तुम्ही लाल-काळ्यावर आवळलेली मूठ, मागे दातेरी चाक आणि धूर सोडणाऱ्या चार चिमण्या घेतल्यात. वर विचारताय की काय कमी पडतंय. कमी काही नाही हो, दुसऱ्या गावचं सामान तुमच्या पोस्टरात आलंय एवढंच.

मी कोल्हापुरात पोस्टरं, कव्हरं असली कामं करतो, त्यामुळे जे दिसलं ते सांगतो. त्या उंच विटांच्या चिमण्या गिरणगावच्या. लालबाग-परळच्या गिरण्या, १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला दत्ता सामंतांचा संप, अडीच लाखांच्या आसपास कामगार, हे सगळं आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की "कामगार" म्हटलं की हात आपोआप तीच चिमणी काढतो. इचलकरंजीची गोष्टच वेगळी आहे. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला तेव्हापासून तिथं काम पसरलं ते गल्लीबोळातून, पत्र्याच्या शेडमधून, खाली माग आणि वर घर असं. गेटवर हजारो माणसं एकदम बाहेर पडतायत असं दृश्यच तिथं सहसा नाही. चिमणी दिसली तर ती सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यातल्या बॉयलरची. आणि गंमत म्हणजे मुंबईच्या गिरण्या बसल्यावर बरंच कापड यंत्रमागांकडे गेलं, म्हणजे तुम्ही ज्यांच्यावर पोस्टर करताय त्यांच्या डोक्यावर त्याच बंद पडलेल्या गिरणीची चिमणी लावताय. मूठही काढा. फिल्म संपावर असती तर गोष्ट वेगळी.

मग घ्यायचं काय? माझं एकच म्हणणं आहे, पोस्टर बघून मागावरच्या माणसाला "हे आमचं खातं", म्हणजे आमचीच मागांची शेड, असं वाटलं पाहिजे. फेस्टिव्हलवाल्यांना काहीही चालतं, त्यांना चालेल म्हणून केलेलं पोस्टर शेवटी कुठल्याही फिल्मला चिकटवता येतं.

शेडमध्ये गेला असालच, नसाल तर आधी जा, दिग्दर्शकाच्या फुटेजवर भागवू नका. आत पाय टाकला की पहिल्यांदा आवाज अंगावर येतो. साधे माग एकदम चालू असले की धोटा, म्हणजे आडवा दोरा नेणारी लाकडी नळी, इकडून तिकडं आदळत असतो आणि शेजारच्याशी बोलायचं तर कानाला तोंड लावून ओरडावं लागतं, नाहीतर हातवारे. लांबून जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला, बोलवायचं तर खुणेनं. आता पोस्टरला आवाज नसतो, पण एक माणूस दुसऱ्याच्या कानाशी वाकलाय, दोघांच्या भुवयांवर, केसांवर पांढरा तूस बसलाय आणि मागे मागांची रांग धूसर, एवढ्यातनं तो आवाज कळतो. मला विचाराल तर तुमचं पोस्टर हेच आहे. दिग्दर्शकाकडे अशी फ्रेम नक्की असणार, मुलाखतींच्या अधेमधे शोधा. नसेल तर कुणाला तरी परत पाठवा फोटो काढायला, फोन चालतो. ट्यूबलाइटच्या उजेडात पट्टे येतात, त्यामुळे शटर १/५० सेकंदावर ठेवा.

दुसरी आयडिया सगळ्यांनाच सुचते, ताण्याचे, म्हणजे मागावर ताणलेले उभे दोरे पोस्टरभर आणि त्यातला एक तुटलेला. सुंदर दिसतं, पण प्रतीक म्हणून फार वापरून झालंय. करायचंच असेल तर तुटलेला दोरा जोडणारे हात घ्या. मागाच्या वही आणि फणीतून (उभे दोरे ज्यांतून ओवलेले असतात ते भाग) टोक ओढून घेऊन गाठ मारणं हे दिवसभर चाललेलं काम आहे, कारण माग थांबला की मीटर थांबले आणि मजुरी मीटरवर, पिकावर (म्हणजे कापडात किती आडवे दोरे पडले त्यावर) ठरते. आणि एक धोका, बारीक समांतर रेघा फोनवर लहान झाल्या की जाळीसारखे विचित्र पट्टे उमटतात. दोरे मोजके आणि जाड ठेवा.

चेहऱ्याबद्दल जरा थांबून सांगतो. फिल्मसाठी त्या माणसाने हो म्हटलं असेल, पण चाळीस मिनिटांत मधेच दिसणं वेगळं आणि गावात भिंतीवर दीड-दोन फुटांचा आपलाच चेहरा, वर "शोषण" वगैरे शब्द, हे वेगळं. उद्या मालकाने विचारलं तर उत्तर त्याला द्यायचंय, तुम्हाला नाही. पोस्टरसाठी वेगळं विचारा, छापायच्या आधी प्रिंट काढून हातात द्या, घरी नेऊन दाखवू दे. नको म्हणाला तर हात घ्या, पाठ घ्या, नाहीतर मगाचच्या फ्रेममधला वाकलेला कान-तोंडाचा भाग. तोच प्रिंट एखाद्या जुन्या जॉबरलाही दाखवा, मागाचा फोटो आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटा झाला असेल तर तो एका नजरेत सांगेल. आणि बायका विसरू नका, कांड्या भरायचं, म्हणजे धोट्यातल्या नळ्यांवर सूत गुंडाळायचं काम बऱ्याच घरी बायकाच करतात आणि पोस्टरवर मात्र कायम बनियनवाला बाप्याच असतो.

शब्द कमी ठेवा. "घामाची गाथा", "अंधारातला संघर्ष" असली टॅगलाइन मेहेरबानी करून नको. फिल्ममधल्या कुणीतरी साधं बोललेलं वाक्य घ्या, किंवा मी असतो तर नुसतं "मीटरला किती?" एवढंच ठेवलं असतं. तिथले बरेच कामगार उत्तर कर्नाटकातले, यूपी-बिहारचे आहेत, तेव्हा गावात लावायची एक हिंदी आणि जमलं तर एक कन्नड आवृत्ती करा, त्यांच्यावरच्या फिल्मचं पोस्टर त्यांना वाचता तरी येऊ दे.

फॉन्टसाठी पैसे लागत नाहीत. मुक्ता घ्या, किंवा जुन्या छापील अक्षरासारखं हवं असेल तर तिरो देवनागरी मराठी, दोन्ही फुकट आहेत. फोटोशॉपमध्ये वेलांटी भलत्याच अक्षरावर जात असेल किंवा जोडाक्षर फुटत असेल तर टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट चालू करा, अर्ध्या तक्रारी तिथंच मिटतात. ल आणि श हिंदी वळणाचे येत नाहीयेत ना तेही बघा.

रंग लाल-काळा नको म्हटलं तर मग कुठला, तर कोऱ्या, म्हणजे मागावरून उतरलेल्या, न धुतलेल्या-न रंगवलेल्या कापडाचा. तो मळकट पिवळसर पांढरा आणि त्यावर ऑइलचा काळा, बास. कापडाचा तुकडा आणून सरळ स्कॅन करा, बॅकग्राउंड तयार. त्याहून भारी म्हणजे थोडी पोस्टरं खऱ्या कोऱ्या कापडावरच स्क्रीन प्रिंटिंग करून घ्या, एकाच काळ्या शाईत, एक रंग म्हणजे एकच स्क्रीन, खर्च झेपतो. फक्त कापडाला खळ असते, शाई नीट धरत नाही, म्हणून आधी गरम पाण्यात धुवून वाळवून इस्त्री करून मगच द्या. फोटोचा हाफटोन (छपाईसाठी फोटोचे केलेले ठिपके) मोठ्या ठिपक्यांचा ठेवा, बारीक ठिपका कापडात पसरतो.

बाकी कागदावर ए३ पुरे, ३०० डीपीआय, चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड), बारीक अक्षरं शंभर टक्के नुसत्या काळ्यात, चार रंगांच्या काळ्यात नको, नाहीतर कडा हलतात. बहुतेक लोक बघणार व्हॉट्सअॅपवरच, तेव्हा १०८० बाय १३५० पिक्सेलची वेगळी फाइल करा, तिच्यात फक्त फोटो, नाव, तारीख आणि जागा. आणि प्रेसवाल्याला पाठवताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. दुसरा ड्राफ्ट झाला की इथंच टाका, बघतो.